त्याचप्रमाणे

योगेश्वरीने उजवा पाय धानात रोवला आणि घासत पुढे नेला. मागे ओलसर धानाची एक रेघ उघडी पडली. तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. घराच्या स्लॅबवर वाळत घातलेले हलके, लवकर पिकणारे धान ऊन चढेपर्यंत असे पायाने उलथवावे लागे, आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी आली की हे काम ती दुसऱ्या कोणाला करू देत नसे.

"काऊन वो भाची," खाली अंगणातल्या खाटेवरून गुलाबचंदमामांनी हाक दिली, "नागपूरले पोरं शिकवू शिकवू तळपाय मऊ झाले का? नाचल्यावानी चालून राहिली."

"तुम्ही या ना वर. मी तुमचं नाचणं पाहते."

"आज नाचाले दंडारवाले आहेत. मी फक्त जेवाले आलो."

आज गावची मंडई होती, दिवाळीनंतरची जत्रा. तलावाकडच्या मोकळ्या जागेत खेळण्यांची आणि मिठाईची दुकाने लागली होती. दंडारीच्या नाचनाट्यासाठी घातलेल्या मंडपातला कर्णा अधूनमधून खाकरत होता. घरोघर पाहुणे उतरले होते. मंडईच्या दिवशी दारी आलेल्याला आधी जेवू घालायचे, आणि येण्याचे कारण त्याने आपणहून सांगेपर्यंत विचारायचे नाही, ही तिच्या आईच्या, जमुनाबाईंच्या घरची रीत. त्यामुळे जिन्यातून गुंजनचे डोके वर आले तेव्हा योगेश्वरी चकित झाली, पण तिने ते बोलून दाखवले नाही.

गुंजन तिची गणितातली संशोधक विद्यार्थिनी. मूळची देवरीकडची. सुट्टी संपल्यावर ती प्रबंधाचे पुढचे प्रकरण घेऊन नागपुरात भेटणार, असे ठरले होते. आता ती खांद्यावरची पिशवी न उतरवता धानाच्या कडेला उभी होती.

"आईनं जेवायला बसवलं नाही?"

"बसवून राहिल्या होत्या. मी म्हटलं, आधी मॅडमना भेटून येते."

मग ती भलतेच काही सांगत राहिली: बसमध्ये मंडईची केवढी गर्दी होती, धानाच्या बांधीत रानडुकरांनी किती नासधूस केली, बाबांचा गुडघा अजून कसा दुखतो. योगेश्वरी ऐकत होती आणि तिला काही उमगत नव्हते. ही मुलगी एरवी कामाशिवाय दोन वाक्ये बोलत नसे. आज ती सगळे बोलत होती, फक्त कामाचे सोडून.

"मॅडम," शेवटी गुंजन म्हणाली, "एक युक्तिवाद आहे. तपासून पाहता का?"

"कशाचा?"

"आधी तपासा."

योगेश्वरीचा पाय धानात थबकला. सापडली, असे तिला वाटले. हिला मांडणी सापडली.

काही बिंदू आणि त्यांतल्या काहींना जोडणाऱ्या रेघा, एवढीच तिच्या विषयातली मांडणी. तरुणपणी योगेश्वरीने मांडणीवर तीन अटी घातल्या. त्या इतक्या साध्या आणि एकमेकींशी इतक्या सुसंगत होत्या, की त्या पाळणाऱ्या मांडण्यांचा अभ्यास हेच पुढे तिचे आयुष्य झाले. या तिन्ही अटी एकटा त्रिकोण पाळत असे. पण त्रिकोण हे उदाहरण म्हणजे उदाहरण नसण्याचाच एक सभ्य प्रकार होता. त्याहून मोठी मांडणी कोणी रचून दाखवली नव्हती. तरी ती असणार, असे सगळे धरून चालले होते, कारण ती नसावी असे मानायला काही आधार दिसत नव्हता. न पाहिलेल्या त्या मांडण्यांविषयी योगेश्वरीने प्रमेयामागून प्रमेये सिद्ध केली. देशोदेशीच्या चार माणसांनी ती पुढे नेली. येत्या हिवाळ्यात याच विषयावर एक परिषद भरणार होती आणि तिथले पहिले व्याख्यान तिचे होते. मंडईला येणाऱ्या बायकांनी तिच्या लग्नाची चौकशी केव्हाच सोडून दिली होती. आपण एकट्या आहोत, असे तिला स्वतःला मात्र कधी वाटले नव्हते. पहिली खरी मांडणी रचण्याचे काम तिने गुंजनला दिले होते.

"दाखव," ती म्हणाली. तिने हातांनी धान मागे सारून स्लॅबचा एक चौकोन मोकळा केला आणि कठड्यावरून विटेचा तुकडा आणला.

गुंजनने तो घेतला. गुडघ्यांवर बसून तिने खाली पाहतच सुरुवात केली.

"समजा, त्रिकोणाहून मोठी अशी एक मांडणी आहे."

ज्याच्या हातात वस्तू असते, तो ती दाखवतो. समजा म्हणत नाही. समजा म्हणून सुरुवात करणारा बहुधा त्या वस्तूला दारातून आत घेऊन तिच्या मागचे दार लावणारा असतो. हे सारे योगेश्वरीला त्या एका वाक्यात कळले, आणि तरीही कळले नाही असे वाटून तिने विचारले, "आहे. मग?"

गुंजन एकेक पायरी सांगू लागली. योगेश्वरी प्रत्येक पायरीला आडवी गेली. हे कशावरून? हा बिंदू त्या बिंदूहून वेगळाच कशावरून? ही रेघ आधीच मोजली नाहीस कशावरून? गुंजनची उत्तरे तयार होती. विटेच्या तांबड्या खुणा चौकोनभर पसरल्या, बिंदूंचे आतला आणि बाहेरचा असे दोन गट पडले, आणि योगेश्वरीच्या लक्षात आले की मांडणीचा श्वास कोंडत चालला आहे. तिला जागाच उरत नव्हती. खोटे ठरणे वेगळे आणि हे वेगळे. तिच्या प्रमेयांतले एकही खोटे ठरणार नव्हते. ती सगळी तशीच, अक्षर न अक्षर खरी राहणार होती. फक्त ती ज्यांच्याविषयी होती ते कोणी नव्हतेच, असे निघणार होते. अशा प्रसंगी माणसाने काय व्हावे, दुःखी की लज्जित, याचा तिला अंदाज येईना. आणि याच वेळी, युक्तिवाद सुंदर आहे, हेही तिला दिसत होते. ते दिसू नये म्हणून ती अधिकच कठोरपणे विचारत राहिली.

"आता दोनच प्रकार उरले," गुंजन म्हणाली. "हा बिंदू आतल्या गटात असेल, नाही तर बाहेरच्या. आतल्या गटात असेल, तर या दोन रेघा एकाच ठिकाणी येतात, आणि ते तर शक्य नाही. आणि बाहेरच्या गटात असेल, तर त्याचप्रमाणे—"

"त्याचप्रमाणे म्हणजे कशाप्रमाणे?"

गुंजनने मान वर केली.

"आत असताना या बिंदूचे शेजारी तू मोजले होतेस," योगेश्वरी म्हणाली. "बाहेर असताना ते किती, हे तुला ठाऊक नाही. मग रेघा एकाच ठिकाणी येतात, हे कुठून काढलंस? त्याचप्रमाणे म्हणायला काहीतरी तसंच असावं लागतं."

गुंजन खुणांकडे पाहत राहिली. तिने विटेचा तुकडा एका बिंदूवर टेकवला, उचलला, दुसऱ्यावर टेकवला. खाली कर्ण्यावर कोणा हरवलेल्या मुलाचे नाव पुकारले जात होते. मग ती म्हणाली,

"नाही निघत."

"नाही."

"म्हणजे चुकलं."

"इथं अडलं."

"म्हणजे असू शकतात, मॅडम? आपल्या मांडण्या असू शकतात?"

"असू शकतात," योगेश्वरी म्हणाली, आणि त्या क्षणापुरते ते खरे होते.

गुंजन मागे सरून धानातच बसली. पिशवी आता कुठे तिच्या खांद्यावरून उतरली. "मी त बराबर जेवलीच नाही, मॅडम, दिवाळीपासून," ती म्हणाली. नागपुरात जपून बोललेली तिची भाषा एकदम गळून पडली होती. "बाबा विचारे, काऊन वो, तब्बेत बरी नाही का. मी काय सांगू? वाटे, मॅडमची सारी जिंदगी, आन मी कोन्या तोंडानं जाऊन सांगू. चुकलं ते लय बरं झालं."

ती हसत होती. आपली सिद्धता मोडल्यावर असे हसलेले माणूस योगेश्वरीने आजवर पाहिले नव्हते.

"पोरी वो," जिन्याखालून जमुनाबाईंचा आवाज आला, "वडे थंडे होऊन राहिले. ते गनित का पळून जाते का?"

"जा," योगेश्वरी म्हणाली. "मी हे धान सारखं करून येते."

गुंजन धडधडत जिना उतरली. योगेश्वरीने धान चौकोनावर लोटायला हात पुढे केला, पण लोटले नाही. मुलीने त्याचप्रमाणे म्हटले खरे. पण तिच्यासारखी मुलगी तो शब्द आळसाने वापरत नसे. कुठेतरी दोन्ही बाजू तिला सारख्या दिसल्या असल्या पाहिजेत. का दिसाव्यात? आतले बाहेर केले आणि बाहेरचे आत—

ती खाली बसली.

आतला गट आणि बाहेरचा गट यांची अदलाबदल केली तरी मांडणी तीच राहते. हे तिचे स्वतःचे प्रमेय होते. सगळ्यांत पहिले. ते सुचले तेव्हा ती विशीत होती आणि दिवसभर कोणाशी बोलली नव्हती, बोलल्याने ते मळेल अशा भीतीने. पुढे त्याचा उपयोग तिने कुठे केला नाही, दुसऱ्या कोणी केला नाही. ते आरशासारखे नुसते होते. एकदा एका परदेशी विद्वानाने सौजन्याने विचारलेही होते, की हे छान आहे, पण हे कशासाठी? गुंजनच्या अडलेल्या ओळीशेजारी तिने आता ते एका ओळीत लिहिले. बाहेरचा बिंदू आत आला. रेघा एकाच ठिकाणी आल्या. दार लागले.

वीट तिच्या हातातच राहिली. रडू येईल असे वाटून तिने वाट पाहिली, पण रडू आले नाही. जे आले त्याला तिच्याजवळ नाव नव्हते. ज्या मांडण्यांसाठी तिने ते प्रमेय रचले होते, त्या मांडण्या नाहीत, हे त्या प्रमेयावाचून सिद्ध होत नव्हते. ही गोष्ट तिच्या बाजूची की तिच्या विरुद्ध, याचा निकाल तिला लावता येईना. तिने सगळे उलट तपासले, सुलट तपासले, स्वतःशीच कडाडून वाद घातला. कुठेही फट नव्हती. आपली सिद्धता पुरी झाली, हे मुलीला ठाऊक नव्हते. ती आज संध्याकाळच्या बसने हसत परत गेली असती, आणि परिषद, व्याख्यान, पुढची कित्येक वर्षे जिथल्या तिथे राहिली असती.

योगेश्वरीने पदर झटकला आणि ती खाली आली.

ओसरीत पंगत बसली होती. गुंजनच्या पत्रावळीवर वड्यांचा ढीग होता आणि जमुनाबाई अजून वाढत होत्या.

"तुही विद्यार्थिनी चांगली आहे वो," त्या म्हणाल्या. "खाते त तरी. तू मेली चिमनीवानी टोचतेस."

"शिकवणारी खात नाही, म्हणून शिकणारीले पुरते," मामा म्हणाले, आणि गुंजन तोंडात घास असतानाच हसली.

योगेश्वरी तिच्या शेजारी पाटावर बसली. आईने पुढे केलेल्या पुऱ्यांतली तिने एक घेतली, मोडली आणि तशीच ठेवली. गुंजनने तिच्याकडे पाहिले. इतका मोकळा चेहरा पुन्हा कधी आपल्याकडे पाहील की नाही, हे योगेश्वरीला सांगता आले नसते.

"गुंजन," ती म्हणाली, "माझं पहिलं प्रमेय आठवतं?"

"ते कोन विसरते, मॅडम."

"सांग."

"आता?"

"आता."

गुंजनने घास गिळला आणि शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसून, एका दमात पाठ म्हणू लागली. "अशा कोणत्याही मांडणीत आतल्या गटाची आणि बाहेरच्या गटाची अदलाबदल केली, तर—"

तिचा आवाज हळू झाला. वड्याकडे गेलेला हात पत्रावळीच्या काठावर थांबला. ती योगेश्वरीकडे पाहत राहिली. आणि योगेश्वरी, वाक्य अर्धे राहिलेले तिला कधीच खपत नसे, म्हणाली,

"पुरं कर."