चौथ्या तासाची नळी

माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ सहा दिवसांचं होतं आणि त्याच्या बेंबीपाशी पू धरला होता. नमुना माझ्याच टेबलावर आला. एकोणीस वर्षं मी प्रयोगशाळेत जंतू ओळखते.

दुसऱ्या दिवशी प्लेटवर जंतू उगवले. सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांसारखे घड, म्हणजे स्टॅफ जातीचे. पण त्यातही दोन भावंडं असतात. एक कातडीवर गुमान पडून राहणारं, दुसरं रक्तात शिरलं की जिवावर उठणारं. ओळखायची रीत सोपी आहे. नळीत प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर द्रव, घ्यायचा, त्यात जंतू कालवायचा, उबेत ठेवायचं. दह्यासारखं विरजलं तर वाईट, पातळ राहिलं तर काळजी नको.

चार तासांनी नळी बघावी, असं पुस्तक सांगतं. आम्ही दुपारी लावतो, घरी जातो आणि सकाळी बघतो. नळीला थोडेच पाय फुटणार?

त्या दिवशी मात्र माझाच पाय निघेना. चार तास भरले तशी, साडेपाचला, नळी तिरपी केली. गोळा घट्ट बसला होता. तशीच वॉर्डात धावले. डॉक्टरांनी उभ्या उभ्या औषध बदललं.

"ताई, वाचेल ना गं?" बहिणीने विचारलं.

"वेळेत सापडलंय. तू आधी चार घास खा बघू."

सकाळी सवयीने तीच नळी पुन्हा उचलली. पाण्यासारखी पातळ! काही जंतू आपणच धरलेली गुठळी रात्रीतून आपणच विरघळवतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी मार्क घेतले होते.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी रजिस्टर ओढलं. त्याच वॉर्डातून त्या आठवड्यात घरी गेलेली तीन बाळं, तिन्ही नळ्या सकाळी बघितलेल्या. तिघांपुढे माझं वळणदार अक्षर: 'निरुपद्रवी.' मला माझीच किळस आली.

दोन घरी फोन लागला. असाल तसे निघा, म्हणून सांगितलं. तिसरा फोन बाळाच्या आईने उचलला. बाळ कसं आहे, मी विचारलं.

"कालपासून इतकं शहाण्यासारखं झोपलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "दूधसुद्धा मागत नाही. तुमचा रिपोर्ट चांगला आला ना, म्हणून मीही उठवलं नाही."