गच्चीवरच्या कुलपाने ऐकलेले ठोके

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. तुम्ही म्हणाल, कुलपाला कसलं आलंय आयुष्य, लटकायचं आणि गप्प बसायचं. बरोबर. पण गप्प बसणं काय असतं, ते जरा माझ्याकडून ऐका.

माझा जन्म अलीगढचा. तिथून भावंडांबरोबर पेटीत कोंबून मला भोपाळला आणलं आणि जवाहर चौकातल्या एका दुकानात खिळ्याला टांगलं. नीळकंठ आजोबांनी मला घेतलं तेव्हा ते आजोबा नव्हते. साताऱ्याहून इथल्या मोठ्या कारखान्यात नोकरीला आलेले टेक्निशियन होते, नवे नवे. त्यांनी मला कानाशी धरलं, चावी फिरवली, आतला खटका ऐकला आणि म्हणाले, "आवाज साफ आहे." माझं कौतुक एवढंच झालं. पण अजून पुरतंय.

आधी मी क्वार्टरचं दार सांभाळलं. मग अयोध्या नगरात घर झालं, तिथलं पुढचं दार सांभाळलं. दसऱ्याला आजोबा आपली हत्यारं पाटावर मांडायचे. पाना, हातोडी, लोखंड कापायची करवत, आणि कडेला मी. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. त्यांची नात शमिका माझ्या तोंडात तेलाचा थेंब सोडायची आणि म्हणायची, "पी रे, लाजू नको." मी प्यायचो. वर्षभर कसा खटाखट चालायचो.

आजोबा गेले आणि पुढच्या दाराला नवं चकचकीत कुलूप आलं. माझी रवानगी गच्चीवरच्या खोलीच्या दाराला. ऊन, धूळ, माकडं. तेल कोणाला आठवणार? मला राग यायचा. पण कुलपाच्या रागाचं काय होतं? काही नाही. लटकतं ते, अजून जोरात.

मग एक दिवस शमिका कॉलेजातल्या दोन मित्रांना घेऊन गच्चीवर आली. एक निनाद, कॅमेरावाला, तोंडाचा पट्टा सुरू. दुसरी केतकी, हातात आजोबांचा जुना दिवाळी अंक. त्यांना कॉलेजात पुस्तकाचा सिनेमा कसा होतो ते शिकायचं होतं. नुसतं शिकायचं नाही, एक गोष्ट घेऊन छोटा सिनेमा करायचा होता. त्यांच्या मंजूषा मॅडमनी एक रीत लावून दिली होती. गोष्टीत जे डोळ्यांना दिसतं त्याच्याखाली लाल रेघ, जे फक्त मनाला कळतं त्याच्याखाली निळी. लाल ते कॅमेऱ्यात येतं. निळ्याला कुठेतरी जागा शोधावी लागते.

अंकातली गोष्ट होती इंदुमती नावाच्या बाईची. सासरचे तिला खोलीत कोंडतात, आणि ती एकदाही दार ठोकत नाही. का? तर 'ठोकलं की त्यांना कळेल, मी अजून वाट बघतेय.' ही ओळ निळी. शमिका त्या ओळीवर फिदा होती, आणि इंदुमती तीच होणार होती.

निनादने मात्र फक्त लाल ओळी वाचल्या होत्या. निळं दिसलं की गडी पान उलटायचा. तो म्हणाला, "अरे यार, न ठोकणं शूट कसं करू? थोडं ठोक ना. सीन बनेगा."

शमिका म्हणाली, "मर गए तो भी नहीं. तू नुसतं कुलूप दाखव. बराच वेळ. लोकांना वाटेल आता ठोकेल, आता ठोकेल."

"आणि तू आत कशाला? दिसणार तर नाहीस."

"खोली रिकामी असली तर कुलपाला पण कळेल."

ते मात्र खरं हं, मित्रांनो. आम्हाला कळतं.

आता बघा या हुशार पोरांनी काय केलं. गोष्टीत लिहिलं होतं 'गंजलेलं कुलूप'. लाल रेघ. मी पितळी, पितळ असं तांबडं गंजत नाही. पण निनादला कोण सांगणार? त्याने गेरूत डिंक कालवला आणि मला फासला. अंगाला फासलास, ठीक. तोंडात पण? पूर्ण भोक भरलं त्याने. गोष्टीत खोली अंधारी होती म्हणून खिडकीची काच आतून काळ्या ऑइलपेंटने रंगवली. पेंट ओला, वास नाकात जाईल असा. शमिकाला लहानपणापासून दमा, आणि तिचा पंप तिच्या पिशवीत. पिशवी बाहेर, कठड्यावर. निघाली होती इंदुमती व्हायला.

ती आत गेली. निनादने कडी लावली, मला अडकवून दाबलं. मे महिना, दुपार. डिंक माझ्या तोंडात दगड व्हायला लागला. कॅमेरा माझ्यासमोर.

आधी शमिका शांत होती. मी दाराला चिकटलेला, मला सगळं ऐकू येतं. मग ती खोकली. मग श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. लहान असताना रात्र रात्र आजोबांच्या मांडीवर ती अशीच बसायची. तिला ओरडायचं होतं, पण दम लागला की ओरडायला हवा कुठून आणणार? मग तिने ठोकलं. एकदा. मग परत, हळू.

मी काय करू शकत होतो? ती आत कोंडलेली, आणि मी माझ्याच तोंडात. ज्या पोरीने मला तेल पाजलं, तिच्या वाटेत मीच आडवा. मित्रांनो, माझ्याएवढं अडकलेलं तुम्ही कोणी बघितलं नसेल.

निनादचा चेहरा खुलला. तो कुजबुजला, "ऐकलं शेवटी माझं. काय ॲक्टिंग करतेय. कोणी बोलू नका."

केतकी मांडीवर अंक घेऊन बसली होती. ती उठली. "ही ॲक्टिंग नाहीये."

"अबे, बैठ ना."

"इंदुमती ठोकत नाही, निनाद. शमिका तुझ्यासाठी ती ओळ मोडणार नाही. ही आपली शमिका ठोकतेय. चावी लाव."

त्याने चावी लावली. अर्धी गेली. जोर लावला, तर आतच तुटली. केतकीने पिशवीतून पंप काढला, तुळशीशेजारची कुंडी उचलली आणि खिडकीवर घातली. काच फुटली, उजेड आत गेला, गजांमधून पंप गेला. निनाद खाली धावला आणि आजोबांची करवत घेऊन आला. हो, तीच. दसऱ्याला आम्ही एका पाटावर बसायचो. तिने माझी दांडी कापली. दुखलं. पण खरं सांगतो, थांबू नको असंच वाटत होतं.

शमिका बाहेर येऊन भिंतीला टेकून बसली. श्वास जागेवर येईपर्यंत केतकी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. निनाद रडत होता. त्याला ते सगळं पुसून टाकायचं होतं.

बऱ्याच वेळाने शमिका म्हणाली, "पुसू नको. गोष्टीत ती ठोकत नाही, कारण तिथे ऐकणारं कोणी नाही. माझं कोणीतरी ऐकलं. काच फुटल्याचा आवाज पण ठेव. सिनेमा तिथे संपव."

मंजूषा मॅडमनी तो सिनेमा बघितला. बघताना पडद्यावर मीच होतो, नुसता मी. मॅडमनी आधी उठून वर्गाचं दार उघडलं, मग तिघांना चांगलंच झापलं.

आता मी शमिकाच्या टेबलावर असतो. दांडी कापलेली, पोटात तुटकी चावी. ना उघडा, ना बंद. तिने टाचणीने माझ्या तोंडातला गेरू कोरून काढला आणि परवा तेलाचा एक थेंब सोडला. काही उपयोग नव्हता त्याचा. तरी प्यायलो.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं जुनं कुलूप लटकत असेल, त्याला कधीतरी तेल पाजा. आणि बंद दाराआडून ठोका आला, तर तो खरा की खोटा, लाल की निळा, ते नंतर ठरवा. आधी कुंडी उचला.