दोन दिवस उघडं ठेवलेलं पाणी

"उद्या सकाळी दुकानदार येतोय. टाकी घेऊन जाईल, माशासकट," बाबा म्हणाले.

ती नुकतीच दवाखान्यातून सकाळची पाळी संपवून आली होती. खांद्यावरची पिशवीही अजून उतरवली नव्हती.

"का?"

"का म्हणजे? दोन महिन्यांत चार गेले. उरलाय तो तरी माझ्या हातून मरायला नको."

बाबांनी चौतीस वर्षं शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यात क्लोरीन सोडायचं काम केलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी समुद्री माशांची ही टाकी घेतली. नळाचं पाणी पिंपात भरून दोन दिवस उघडं ठेवायचं, क्लोरीन उडून गेलं की मीठ मिसळायचं, मग टाकीत घालायचं, ही त्यांची रीत. दुकानदार क्लोरीन मारायचे थेंब देऊ करायचा, तर ते हसायचे. "जन्मभर मी घातलं, आणि काढायचं कसं ते हा शिकवणार." सात वर्षांत एकही मासा दगावला नव्हता.

आता मात्र त्यांचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता. आधी विचारत, मीठ दोनदा तर नाही ना घातलं मी? मग गॅस बंद केला का, कडी लावली का, हेही विचारू लागले. गेल्या आठवड्यात बँकेच्या कागदावर सही करताना पेन हातात धरून नुसते बसून राहिले.

ती खुर्चीत टेकली. पाय ठणकत होते.

"बाबा, मीठ बरोबरच होतं. पाणी बदललंय. आता क्लोरीनबरोबर अमोनियाही घालतात."

बाबांनी मान वर केली. "मग क्लोरीन त्याला बांधलं जातं, दोन दिवसांत उडणार नाही."

"आठवडाभर ठेवलं तरी नाही."

"कधीपासून?"

"दोन महिने झाले."

"पेपरात नव्हतं कुठे."

"दवाखान्यांना पत्र आलं होतं." तिने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. "डायलिसिसचं पाणी मी तपासते ना. माझ्याकडेच आलं. ते पाणी पेशंटच्या रक्तापर्यंत गेलं तर तांबड्या पेशी फुटतात, म्हणून कोळशाचा आणखी एक फिल्टर बसवून घेतला. सही करून पत्र भिंतीवर लावलं. घरची टाकी डोक्यातच आली नाही. आज पाण्यात क्लोरीन उरलंय का ते तपासताना नमुन्याला रंग येतो का बघत उभी होते, तेव्हा पत्रावरची तारीख दिसली. पहिला मासा त्याच आठवड्यात गेला."

बाबांनी टाकीकडे पाहिलं.

"मी रोज विचारत होतो तुला."

"हो."

"तू म्हणायचीस, असू दे बाबा, या वयात होतं असं."

दमून आल्यावर ते वाक्य सोपं होतं, एवढंच.

बाबा उठले, चहाचा कप विसळून पालथा घातला. पाठमोरेच म्हणाले, "पत्रावर केंद्राकडून सही कुणाची होती?"

"तुमच्या हाताखाली होते ना, ते चष्मेवाले."

"बरं केलं त्यानं. नुसतं क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत टिकत नव्हतं. आम्ही वर लिहून लिहून थकलो." थोडं थांबून म्हणाले, "निदान मला एक फोन करायचा त्यानं."

"आमच्याकडून दोन कॅन शुद्ध पाणी आणू का?"

"पेशंटचं पाणी माशाला? नको."

त्यांनी दुकानदाराला फोन लावला. "टाकी नेऊ नका उद्या. तुमच्या मशीनचं शुद्ध पाणी आणा, दोन जार. नळाचं बंद आता... हो, हसा, तुमचा हक्कच आहे."

"एकदम सगळं बदलू नका हं," ती म्हणाली.

"मला शिकवू नकोस." मग काही वेळाने त्यांनीच विचारलं, "रोज एक बादली. चालेल ना?"

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. दुकानदार जार ठेवून गेल्यावर बाबांनी बादली भरली. मोटार लावून पाणी ढवळत ठेवलं, मोजून मीठ घातलं. केशरी मासा दगडाआड तळाशी टेकला होता, कल्ले भराभर हलत होते. तो वाचेल का, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

दुपारी मीठ पूर्ण विरघळल्यावर बाबांनी मिठाचं प्रमाण दाखवणारा काचेचा क्षारमापक बादलीत सोडला. तो स्थिर होईपर्यंत गुडघ्यावर हात ठेवून वाकून राहिले. आकडा वाचला. मग पाणी टाकीत ओतायला बादलीच्या कडीला हात घातला आणि तसाच धरून ठेवला.

"बघ गं जरा."

तिने पाहिलं. "बरोबर आहे, बाबा."

"नीट बघ."

ती फरशीवर बसली, डोळे क्षारमापकाच्या पातळीत आणले आणि आकडा पुन्हा वाचला. सावकाश, मोठ्याने.