ओळखीची घोंगडी

“गोफण घ्या हातात, भाऊ. नाईतं हा मका आत्ताच फेकतो वावरात.”

देवानंदने हातातली पिशवी हलवली. दाण्यांना विषारी औषध लावलेले होते; त्याचा उग्र दर्प धरणकाठच्या गार हवेतही लपत नव्हता. खाली, पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळात त्याचा हरभरा होता आणि हरभऱ्यात पट्टकदंब हंस चरत होते: राखी अंगाचे, डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारे, हिमालय ओलांडून दर थंडीत संग्रामपूरच्या या काठावर उतरणारे.

“मी हाका मारून उठवतो ना,” इंद्रभान म्हणाला.

“तुमच्या हाकेनं ते उठत नाईत, जवळ येतात!” देवानंदची बायको रेणुका बांधावरून कडाडली. “तुमाले पाह्याले पाखरं, अन् आमाले पाह्याले टक्कल पडलेलं वावर!”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. इंद्रभान एसटीचा निवृत्त वाहक. नोकरीभर त्याने माणसांची ढकलाढकली सोसली. निवृत्तीनंतर त्याला अशी सोबत हवी होती, जी त्याच्यापाशी काही मागणार नाही. म्हणून दर हिवाळ्यात तीच काळी घोंगडी पांघरून, त्याच संथ पावलांनी येऊन तो एकाच दगडावर बसे. हा जीव निरुपद्रवी आहे, हे पाखरे शिकली. परंतु तो दगड देवानंदच्या बांधाला लागून होता. शेजारची वावरे हिरवी राहिली आणि थवा इंद्रभानच्या भरवशावर इथेच उतरू लागला. देवानंदचा राग न्याय्य होता, आणि न्याय्य रागापुढे वाद चालत नाही, हीच इंद्रभानची अडचण होती.

“उद्यापासून मी येतच नाई.”

“तुमी नाई आले तरी ते येतीन. डबे वाजवले, फटाके फोडले. दोन दिवस भेतात अन् परत हजर. तुमच्या हातचा मार बसला तं ध्यानात ठेवतीन. नाईतं हे हायेच.” पिशवी पुन्हा हलली.

इंद्रभानने गोफण घेतली. पहिले ढेकूळ त्याने मुद्दाम अलीकडे पाडले.

“कंडक्टर, तिकीट फाडून राह्यले का? नेम धरा!” रेणुका ओरडली.

दुसरे ढेकूळ थव्यात पडले. माना उंचावल्या. पाखरांनी आभाळात घार शोधली, काठावर कुत्रे शोधले. इंद्रभानकडे मात्र एकानेही संशयाने पाहिले नाही. तिसरे एकाच्या पंखाला लागले. तेव्हा जवळच्या दोघांनी त्याचा उगारलेला हात पाहिला आणि सारा थवा कालवा करीत उठला. काही पाखरे सवयीने वळून त्याच्याच डोक्यावर आली. त्याला पुन्हा गोफण फिरवावी लागली.

देवानंदने पिशवी त्याच्या हाती दिली. “पुरून टाका कुठं दूर. अन् ते घोंगडं द्या इकडं.”

दुसऱ्या सकाळी इंद्रभान पातळ स्वेटर घालून दूर सडकेवर उभा होता. हरभऱ्यात बुजगावणे होते आणि त्याच्या अंगावर काळी घोंगडी. पाण्यावरून थवा आला, हिरव्या पट्ट्यावर पाय सोडून खाली झुकला. घोंगडी दिसताच पाय आवळून, ओरडत पलीकडे वळला.

“पाह्यलं का भाऊ?” रेणुकाने बांधावरून हाळी दिली. “बराबर ओयखलं तुमाले!”

“हाव,” इंद्रभान म्हणाला.

थंडी अंगात शिरत होती. घोंगडी परत मागावी, असे मात्र त्याच्या मनात आले नाही.