खांदमळणीचं तेल

दुसरा गिअर पडेना. जयाने क्लच दाबून दांडा मागे ओढला, तसा गाडीच्या पोटातून दातावर दात घासल्यासारखा आवाज आला. शेडच्या दारात चहाचा कप घेऊन उभे असलेले सदाशिवराव तिथेच थबकले.

"काका, आइकलं का?"

"आइकलं."

"काल सायंकाळी आणली तवा तर लोण्यावानी पडत होता."

तिने पुन्हा पहिला टाकला, शेडसमोरच्या मोकळ्या जागेत गाडी चार हात पुढे नेली आणि पुन्हा दुसऱ्यासाठी दांडा ओढला. पुन्हा तोच आवाज. लाल, बुटकी, दोनच माणसांची ती गाडी नेरच्या रस्त्यावर कोणी कधी पाहिली नव्हती. ती जयाची नव्हती. नागपूरच्या एका रेसिंग टीमची होती. आज दुपारी तिथे चाचणी होती. ड्रायव्हरची जागा एक आणि तिच्यावर डोळा ठेवून असलेले तिघे. हात बसावा म्हणून दोन दिवस गाडी तिच्या ताब्यात दिलेली. जया ती घेऊन आईला भेटायला गावी आली. पण आईच्या तांड्याकडे जाणारा रस्ता पावसाने उखडलेला, इतकी खाली बसलेली गाडी तिकडे जाणंच शक्य नव्हतं. म्हणून ती रात्रभर सदाशिवरावांच्या शेडमध्ये होती.

भीमसिंगच्या या पोरीला स्टेअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं होतं, ट्रॅक्टरवर, मांडीखाली पोत्याची घडी ठेवून. तिला दुसऱ्या कोणाच्या शेडची आठवण होण्याचं कारण नव्हतं.

जयाने गाडी बंद केली. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून ती तशीच बसून राहिली.

"माह्याच हाताले काही झालं असन," ती हळूच म्हणाली. "काल रात्रभर आजच्याच गोष्टीचा विचार करून राह्यली होती. हात अवघडला असन."

सदाशिवरावांनी कप ओट्यावर ठेवला.

हाताला काही झालं नव्हतं. गाडीलाही काल सायंकाळपर्यंत काही झालं नव्हतं. काल पोळ्याचा आदला दिवस, खांदमळणीचा. गावात घरोघरी बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकायचे, हळद आणि तूप लावून चोळायचे आणि त्यांच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. सदाशिवरावांचा शेवटचा बैल विकून कितीतरी वर्षं झाली होती. पण वर्षभर ज्यांनी ओझं ओढलं त्यांना एक दिवस तेल लावायचं, ही गोष्ट त्यांच्या मनातून गेली नव्हती. म्हणून त्या सायंकाळी शेडमध्ये जी जी गाडी उभी असेल तिचं गिअरचं तेल ते बदलत. जुनं काढत, घरातलं सगळ्यात भारी तेल भरत, बॉनेटवर हळदीचं बोट ओढत. कोणी सांगितलेलं नसे, कोणाकडून काही घेत नसत. गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांना हे ठाऊक होतं आणि ते मुद्दाम त्या दिवशी गाड्या आणून लावत.

काल शेडमध्ये दोन ट्रॅक्टर होते आणि ही पाहुणी होती. पाहुणीला कसं वगळायचं?

आत्ता एक शब्दही बोललं नाही तरी चाललं असतं. गाडी तापली की तेल पातळ होतं, आवाज थोडा दबतो. पोरगी नागपूरला पोचली असती. तिथे वळणावर दुसरा अडला असता, आणि तिने हाताला दोष दिला असता. आज आणि पुढेही.

मैनाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "चाल माय, चहा घे. याडीनं, तुह्या मायनं, शिदोरी देल्ली का? अन् तुले सांगतलं का यायनं, काल तुह्या गाडीचीबी..."

"थांब," सदाशिवराव म्हणाले. "मीच सांगतो."

ते गाडीच्या खिडकीशी आले. वाकले, कारण ती गाडी तशीच होती, तिच्याशी बोलायला माणसाला वाकावंच लागे.

"जया, तुह्या हाताले काही नाई झालं. म्या काल गिअरचं तेल बदललं हिचं."

जयाची नजर बॉनेटवरच्या हळदीच्या रेघेवर गेली. सकाळी ती रेघ पाहून ती हसली होती.

"कोणतं टाकलं?"

त्यांनी फळीवरचा डबा आणून दाखवला. तिने तो फिरवून बारीक अक्षरं वाचली आणि डोळे मिटले.

"काका, हे पाच हाये. हिले चार लागते. जीएल चार."

"चारापेक्षा पाच भारी, म्हनून तर हे टाकलं. ट्रॅक्टरवाल्याइले बी हेच टाकतो."

"ट्रॅक्टरचं सोडा. हिच्यात पितळेच्या रिंगा हायेत."

मग त्यांना उमगलं. धावत्या बैलगाडीत चढायचं तर काय करावं लागतं? गाडीच्या वेगाने दोन पावलं पळायचं, दांडी घट्ट धरायची आणि मग उडी घ्यायची. गिअरच्या पेटीत ती दांडी धरणारा हात म्हणजे पितळेची रिंग. ती फिरत्या चाकाला धरते, दोघांचा वेग एक करते, आणि मग दात दातात बसतो. तेल कमी असेल तर हात सोलतो. पण तेल नको तितकं निसरडं असेल तर? हाताची पकड बसत नाही, माणूस फरपटतो. पाच नंबरचं तेल ट्रक-ट्रॅक्टरच्या मागच्या जड दातांसाठी बनवलेलं. त्याच्यातली उग्र वासाची औषधं लोखंडाला जपतात, पितळेला मात्र हळूहळू खातात. आकडा मोठा म्हणून ते वरच्या पायरीचं नव्हतं. वेगळ्या कामाचं होतं.

"काढलेलं तेल कुठी हाये?" जयाने विचारलं.

"जळक्या तेलाच्या पिंपात गेलं."

ती उतरली, शेडच्या टोकापर्यंत गेली, परत आली. "विचारलं असतं तर, काका. फकस्त एक डाव विचारलं असतं. टीमनं म्हटलं, गाडी कोनाच्या हाती देल्ली, तर मी काय सांगू?"

"माहं नाव सांग."

"तुमच्या नावानं माही जागा वापस येते का?"

मैनाबाई चहाचं आधण उतरवायला आत गेल्या.

"बस मागं," सदाशिवरावांनी मोटरसायकल काढली. "सत्यशीलाच्या दुकानात पाहू. उघडं असन आतालोक."

सत्यशीला बसस्टँडजवळ तेल-ग्रीसचं दुकान चालवत असे. शटर अर्धं ओढलेलं होतं आणि ती आत अगरबत्ती लावत होती.

"सदाभाऊ, पोळ्याच्या दिवशी गिअर ऑइल? बैलाले पाजता का?"

"मस्करी नोको करू, बाई. चार नंबर दाखव. पंच्याहत्तर-नव्वद जाडीचं."

तिने फळ्या शोधल्या. धुळीचे दोन डबे काउंटरवर आले. एकावर पंच्याहत्तर-नव्वद होतं, पण नंबर पाच. दुसऱ्यावर नंबर चार, पण ऐंशी-नव्वद.

"चार हे जुन्या जीपवाल्याइसाठी ठेवते. तुमी पाच न्या ना, सारे तेच नेतात," सत्यशीला म्हणाली. "तुमीच तर नेता."

जयाने दोन्ही डबे पाहिले. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं तेल इथे नव्हतं. यवतमाळला जाऊन यायला वेळ नव्हता, आणि तिथेही दुकान उघडं मिळेल याची खात्री नव्हती. तिने टीमच्या मेकॅनिकला फोन लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही.

ती सदाशिवरावांकडे वळली. "सांगा. कोणतं घेऊ?"

सकाळपासून त्यांना याच प्रश्नाची धास्ती होती. तिने विचारू नये असं वाटत होतं, आणि विचारलं नसतं तर ते अधिक लागलं असतं. त्यांनी घाई केली नाही. दोन्ही डबे उघडायला लावले, झाकणाचा वास घेतला. पाचाचा वास नाकात चढणारा, गंधकाचा. कालही तो आला होता, पण काल तो त्यांना भारी तेलाचा वास वाटला होता.

"पह्यला आकडा थंडीतला," ते म्हणाले. "पंच्याहत्तर थंडीत पातळ राह्यते, ऐंशी जरासं घट. नागपुरात आज काही बर्फ पडून नाई राह्यला. सुरुवातीले दोन-चार किलोमीटर दांडा जड लागन, मंग नाई लागनार. पन पितळेसाठी चारच पाह्यजे. माह्यं मत हे. चुकलेल्या मानसाचं मत हाये, तू पाह्य."

जयाने चार नंबरचा डबा पुढे ओढला. "चार द्या," ती सत्यशीलाला म्हणाली.

शेडमध्ये गाडीखाली दोघंही झोपले. कोमट तेल तसराळ्यात उतरलं, तेव्हा सदाशिवरावांनी त्यात बोट बुडवलं, बाहेर सरकून ते उन्हात धरलं आणि अंगठ्यावर चोळलं. पितळेचा पिवळा कीस दिसतो का, ते पाहायचं होतं. दोन ठिकाणी चमकलं.

"काई हाये का?" गाडीखालून जयाचा आवाज आला.

"जरासा हाये," ते म्हणाले. "डोळ्याले दिसन इतका. चार-पाच डाव घासला, त्याचा. रिंग गेली नाई."

खालून तिने तेलाचा पंप मागितला.

त्यांनी पंपाने नवीन तेल भरलं. वरच्या भोकातून बारीक धार बाहेर यायला लागली, तशी पेटी भरली हे कळलं. त्यांनी बोल्ट बसवला, पाना लावून कसला आणि बाजूला सरकले. जयाने त्यांच्या हातातून पाना घेतला आणि तो बोल्ट स्वतः एकदा कसून पाहिला. मग खालचाही. त्यांनी कसलेला बोल्ट तिने याआधी कधी तपासला नव्हता.

"पाह्यलंच पाह्यजे," सदाशिवराव म्हणाले, आणि उठायला जमिनीवर हात टेकला.

जयाने हात धुतले. मैनाबाईंनी शिदोरीच्या पिशवीत पुरणपोळ्यांची पुडी कोंबली. गाडी सुरू झाली. पहिला. दुसरा जड गेला, पण आवाज न करता गेला. तिने तो चार वेळा टाकून पाहिला, आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

"निघते, काका."

"सावकाश जाय. पह्यले जरा तापू दे तिले."

गाडी शेडसमोरून रस्त्याला लागली. सदाशिवराव दाराशी उभे राहिले. कुठल्या तरी अंगणात बैलांच्या शिंगांना बेगड लावणं चाललं होतं, घुंगरं वाजत होती, आणि त्या सगळ्यातून त्यांचा कान एकाच आवाजावर होता. नाल्याच्या पुलाशी पहिल्याचा आवाज थांबला. मध्ये श्वासाइतकी शांतता. मग दुसरा, स्वच्छ. पुढे चढावर तिसरा. मग वळण आलं आणि गाडी ऐकू येईनाशी झाली.

"तेलाचं काही बोलली का?" मैनाबाईंनी मागून विचारलं.

"नाई."

गाडी वळताना त्यांना गाडीचं पुढचं तोंड दिसलं होतं. निघण्याआधी जयाने सगळी गाडी ओल्या फडक्याने पुसून घेतली होती, दारावरचे तेलाचे ठसेसुद्धा. बॉनेटवरची हळद तेवढी राहू दिली होती.