नऊ अंशांचा फरक

कल्लाप्पाने पुण्याहून आलेला संगणकाचा घड्यांचा कागद टेबलावर उलगडला, वाफेच्या पाइपाचा तेरावा बाक, म्हणजे वळण, शोधला आणि ताणाच्या आकड्याखाली लाल रेघ मारली. दहा पूर्णांक नऊ. कार्यालयातले ज्येष्ठ इंजिनिअर उपेंद्रराव यांच्या जुन्या हिशेबात तिथे दहा पूर्णांक सहा होते.

"फरक आहे," तो म्हणाला.

नऊ वर्षांपूर्वी, सत्त्याहत्तर साली, साखर कारखान्यात पहिल्यांदा वाफ सोडली तेव्हा त्याच बाकाचा जोड फुटला होता. खाली कल्लाप्पाचा थोरला भाऊ भरमा उभा होता; तो जागीच गेला. जोड त्यानेच वेल्ड केलेला. 'काम कच्चे' असा चौकशीत शेरा पडला. भरमाने ज्याला इंजिनिअर केलं, तो कल्लाप्पा पुढे, त्या पाइपाची आखणी केलेल्या बेळगावच्या याच कार्यालयात नोकरीला आला. चूक आखणीतच असणार, अशी त्याची खात्री होती.

उपेंद्ररावांनी चष्मा पुसला.

"पुण्याच्या यंत्रानं सुरुवातीचं तापमान किती धरलंय?"

कल्लाप्पाने पहिलं पान काढलं. एकवीस.

"मी तीस धरलं होतं. आपल्याकडचं."

कल्लाप्पाने गुणाकार केला. त्या नऊ अंशांनी पडणारा फरक नेमका तेवढाच निघाला. आणि मर्यादा होती पंधराची. दोन्ही हिशेबांत पाइप सुरक्षित होता. त्याने गुणाकार पुन्हा केला.

"राहू दे आता," उपेंद्रराव हळू आवाजात म्हणाले.

संध्याकाळी तो खासबागेत वहिनीकडे गेला. यंत्राने पाइपाचाच दोष काढला, असं सांगायचं त्याने वाटेत ठरवलं होतं. सोनुबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिच्यासमोर बसल्यावर त्याला ते जमेना.

"वहिनी, पाइप बरोबर होता. आखणीत चूक न्हाय."

सुपातला तिचा हात थांबला.

"मला ठाऊक हाय."

त्याने वर पाहिलं.

"वेल्डिंगच्या उजेडानं डोळे सुजलेते त्यांचे. जोड केला त्या सकाळी नीट दिसत न्हवतं. आज ऱ्हाऊ दे म्हणत हुते. मीच म्हटलं, खाडा नको, जावा."



"इतकी वर्षं सांगितलं का न्हाय?"

"तुम्ही कागद काढून त्यांच्या बाजूनं भांडत हुता, भाऊजी," ती म्हणाली. "तेवढं तरी कुणी करावं, असं वाटायचं."

कल्लाप्पा सुपाजवळ सरकला आणि खडे वेचू लागला.