तांबटाचा ठोका

आमचे हे, म्हणजे कोंडीराम, एकदा हट्टाला पेटले की देवानंही हात टेकावेत. चाकणच्या कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या गदारोळात, एकतीस वर्षं काढली, कान तिथंच ठेवून आले, पण कबूल करतील तर शपथ! रिटायर झाल्यावर निघोज्याच्या नदीकाठी दर रविवारी पक्षी बघणाऱ्या ग्रुपमध्ये जायला लागले आणि माणूस पुन्हा हसायला लागला. मला तेवढंच हवं होतं.

मागच्या रविवारी घात झाला. ग्रुप चालवणारी वर्षाली म्हणाली, "काका, हा आवाज कोणाचा?" यांना आवाजच आला नव्हता. तरी छाती काढून म्हणाले, "खंड्या!" होता तांबट. सगळे हसले, तेही प्रेमानंच. पण घरी आल्यावर यांनी दुर्बीण कपाटावर टाकली.

"आता न्हाई जायचं मला. पाखरं टीव्हीवर बी दिसत्यात."

आठवडाभर नुसता टीव्ही, तोही असा मोठ्यानं की शेजारी भांडायला यावेत. माझा जीव तुटत होता. आज सकाळी मीच दुर्बीण गळ्यात घातली. "मी निघाले. मला बगळा आणि वंचक, दोन्ही पक्षी सारखेच दिसतात. माझी फजिती झाली तर नाव तुमचंच जाईल." मागून चपला वाजल्या, पण मी काही वळून पाहिलं नाही. हसले मात्र.

मार्च संपत आलेला. इंद्रायणीत जलपर्णी माजलेली, पाण्याला वास, पण काठचा पांगारा लालबुंद. शेकाटे चिखलात लांब पाय टाकत फिरत होते. हे सगळ्यांच्या मागं उभे राहिले. तेवढ्यात तांबट सुरू झाला. टुक, टुक, टुक. सगळे वर बघायला लागले आणि हे सगळ्यांच्या तोंडाकडे.

प्रेस शॉपमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, सगळं हातानं चालतं. मूठ वर केली की थांब, मनगटावर टकटक केली की लक्ष दे. घरातही मला असंच बोलावतात, मेला वैताग! पण आज मीच त्यांचं मनगट धरलं आणि बोटानं ठोके दिले. पक्षी बोलेल तसे.

"काय करतीस?" हे चिडले. मग त्यांना खूण कळली. नजर वर गेली, एकेक फांदी बघायला लागली. तांबट बोलतो तेव्हा चोच मिटलेली असते, गळा मात्र प्रत्येक ठोक्याला फुगतो. यांनी एकदम मूठ वर केली. अख्खा ग्रुप जागच्या जागी थांबला. उंबराच्या वाळक्या फांदीवर, मूठभर हिरवा जीव, कपाळावर लाल टिळा. तोवर कुणालाच दिसला नव्हता.

"कमाल आहे काका! आवाजावरून शोधलात?" वर्षालीनं विचारलं.

आता पुन्हा थाप मारतील, असंच वाटलं.

"न्हाई पोरी," हे म्हणाले. "मला ऐकूच येत न्हाई. कान प्रेसनं खाल्ले. ऐकती ही, बघतो मी."

इतक्या वर्षांत मलासुद्धा कधी सांगितलं नाही, ते या माणसानं चारचौघांत सांगितलं. मला रडूच फुटलं. डोळे पुसून ओरडले, "मग उद्या चला डॉक्टरकडे!"

हे वरच बघत होते. ऐकलं की नाही, कोण जाणे. पण आता माझं मनगट त्यांच्या हातात होतं, आणि तांबटाचा गळा फुगेल तसं त्यांचं बोट टकटक करत होतं. मी कान देऊन ऐकत राहिले. एकही ठोका चुकला नाही.